आधी तिकडं कळवा

परदेशात सेवेला निघालेल्या विद्यार्थ्यांचा बेत ऐनवेळी बदलला की आयोजकांचा फोन दिवसभर कानापासून सुटत नाही. विमान कंपनी, हॉटेल, बसवाला, प्राचार्य, पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप, सगळीकडं निरोप जातात. ज्या गावात ही पोरं शिकवायला, भिंती रंगवायला, रोपं लावायला जाणार असतात, त्या गावाला मात्र सगळ्यांत शेवटी कळतं. कधी कधी कळतच नाही. माझं भांडण याच्याशी आहे. बुडालेल्या तिकिटाची गोष्ट त्यानंतरची, पण तीही सोडणार नाही.

बेत बदलतात, त्याला इलाज नसतो. ८ सप्टेंबर २०२५ ला काठमांडूत तरुण रस्त्यावर उतरले, दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला आणि त्रिभुवन विमानतळ बंद झाला. त्या आठवड्यात ज्यांची शिबिरं मोडली त्यांनी दोष कुणाला द्यायचा? २०२० च्या मार्चमध्ये २२ तारखेपासून आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानंच थांबली. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल युद्ध पेटलं आणि आखाती देशांवरून जाणाऱ्या विमानांना मधूनच वाट बदलावी लागली. अशा वेळी जो आयोजक म्हणतो, 'पोरं घरी राहू द्या', तो शहाणा. त्याच्या पाठीशी उभं राहावं.

पण प्रत्येक बदलामागं दंगल, भूकंप किंवा युद्ध नसतं.

चांदूर रेल्वेतलं एक घर डोळ्यांपुढं आणा. पोरगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, रोज अमरावतीला ये-जा करणारी. कॉलेजच्या फलकावर पत्रक लागतं: नेपाळमधल्या शाळेत पंधरा दिवस शिकवायचं, राहणं-जेवण तिकडंच, शेवटी प्रमाणपत्र. ती नेपाळ निवडते त्याचं कारण साधं आहे. तिच्याकडं पासपोर्ट नाही. भारतीय माणसाला नेपाळला जायला मतदार ओळखपत्र चालतं, विमानानं गेलं तरी चालतं. ते कार्ड तिनं नुकतंच काढलेलं आहे.

बाप सोयाबीन विकून नोंदणीचे २० हजार भरतो. पावतीच्या मागं बारीक अक्षरांत छापलेलं असतं की ही रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. त्या भावानं धरलं तरी २० हजार म्हणजे पावणेचार क्विंटल. आणि हमीभाव किती जणांच्या हातात पडतो, ते बाजार समितीच्या आवारात सकाळी तासभर उभं राहिलं की कळतं.

मग निघायला आठ दिवस उरलेले असताना रात्री साडेदहाला निरोप येतो. 'अपरिहार्य कारणामुळे नेपाळची तुकडी श्रीलंकेच्या तुकडीत सामील करण्यात येत आहे. सर्वांनी पासपोर्टची प्रत उद्या दुपारपर्यंत पाठवावी.'

हे अपरिहार्य कारण बहुतेक वेळा एवढंच असतं की तुकडी भरली नाही. पंधरा नावं हवी होती, सात आली. ग्रुप तिकिटाची उरलेली रक्कम भरायची आणि नावांची यादी द्यायची तारीख अंगावर आली. आयोजकानं दोन अर्धवट तुकड्यांची एक पूर्ण तुकडी केली. त्याचं गणित जुळलं.

ज्याच्या घरी पासपोर्ट कपाटात पडून असतो, त्याच्या दृष्टीनं या निरोपानं फक्त देशाचं नाव बदललं. चांदूरच्या पोरीला तो सरळ नकार आहे. ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर आणखी २,०००. पैशांची जमवाजमव होईलही. पण अपॉइंटमेंट, जन्माचा दाखला, आधारवरचं आणि मार्कशीटवरचं न जुळणारं नाव, पोलीस पडताळणी, हे सगळं आठ दिवसांत कोण करून देणार? पोरगी कळवते की मला जमणार नाही. आयोजकाच्या वहीत नोंद होते: सहभागीने स्वतःहून माघार घेतली.

बाप विचारतो, "जागा त्यायनं बदलली, मंग माघार आपुन कशी काय घेतली बाप्पा?"

या प्रश्नाला आयोजकाकडं उत्तर नाही. म्हणून तो पावतीच्या मागची बारीक अक्षरं दाखवतो.

शेजारीपाजारी लगेच म्हणतात, नेपाळला जाऊन काय दिवे लावणार होती, इथं काम कमी आहे का? हे ऐकलं की मला संताप येतो. पुण्यातलं पोर परदेशी शिबिराला गेलं तर त्याला अनुभव म्हणायचं आणि चांदूरचं निघालं तर चोचले? आपला अमरावती जिल्हा बाहेर पाऊल टाकायला काही नवा नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवायला गेली होती. तुकडोजी महाराज १९५५ मध्ये जपानला विश्वधर्म परिषदेला गेले, आणि त्यांचा गुरुकुंज आश्रम याच जिल्ह्यात आहे. खेड्यातल्या पोरीनं दुसऱ्या देशातल्या खेड्यातली शाळा पाहावी, तिथल्या पोरांपुढं उभं राहून गणित शिकवावं, स्वतःचा आवाज थरथरतो की नाही ते तपासावं, हा तिचा हक्क आहे.

आता पैशांचं बोलू. विमान कंपनीनं स्वतः उड्डाण रद्द केलं तर प्रवाशाला दुसरं विमान किंवा पैसे परत, यातलं एक द्यावंच लागतं, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. तिकीट एजंटाकडून काढलेलं असलं तरी परताव्याची जबाबदारी कंपनीचीच राहते. लॉकडाऊनमध्ये अडकलेल्या तिकिटांच्या पैशांसाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १ ऑक्टोबर २०२० ला परताव्याचा आदेश निघाला. म्हणजे आकाशातल्या पैशांची वाट थोडीफार आखलेली आहे. जमिनीवरच्या पैशांचं, म्हणजे आयोजकानं घेतलेल्या नोंदणी फीचं, 'प्रक्रिया शुल्का'चं, 'प्रशिक्षण शुल्का'चं काय?

इथं २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा कामाला येतो, आणि त्यातली एक तरतूद प्रत्येक तालुक्याच्या बसस्टँडवर रंगवून ठेवावी इतकी मोलाची आहे. तक्रारदार जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. आयोजकाचं कार्यालय मुंबईत असो की दिल्लीत, चांदूरच्या माणसाला अमरावतीत दाद मागता येते. जुन्या कायद्यात ही सोय नव्हती. सामनेवाला जिथं, किंवा प्रकरण जिथं घडलं, तिथं जावं लागायचं आणि तिथंच गरीब माणूस गळायचा. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत दोन वर्षांची. त्याआधी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करून नोंद करता येते, आणि पुष्कळदा नुसत्या त्या नोंदीनंच आयोजकाचा सूर बदलतो.

फक्त पावती नीट पाहून घ्या. काही जण फी घेतात आणि पावती देतात देणगीची. पावतीवर देणगी लिहिलं की आपण ग्राहक होतो हेच आधी सिद्ध करत बसावं लागतं. ज्या संस्थेला तुमच्याकडून पैसे घेऊन तुम्हाला कुठं तरी न्यायचं आहे, तिनं त्या पैशांना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारावी. फी म्हणा, आणि ती कोणत्या दिवशी किती परत मिळेल ते लिहा. प्रवास विम्याच्या भरवशावरही बसू नका. आजारपण, घरातला मृत्यू, अशा पॉलिसीत लिहिलेल्या कारणांना तो सहसा उभा राहतो. तुकडी भरली नाही म्हणून आयोजकानं जागा बदलली, हे कारण त्यात शोधून सापडत नाही.

आणि बेत बदलूच नये असं मी म्हणत नाही. कसा बदलावा याचं उदाहरण मराठी माणसाच्या घरातच आहे. १९३८ मध्ये जपानच्या हल्ल्यानं चीन होरपळत होता. चिनी सेनानी चू ते यांनी नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली, सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष होते, आणि पाच डॉक्टरांचं पथक निघालं. अटल, बसू, मुखर्जी, आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. कोटणीसांचं वय २७, मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून शिकून निघालेले, पुढच्या शिक्षणाची तयारी चाललेली. ती तशीच ठेवून ते सप्टेंबरमध्ये जहाजावर चढले.

तिथं गेल्यावर आखलेलं काही टिकलं नाही. पथक हांकौला काम करू लागलं तर शहर पडायच्या बेतात आलं. तिथून माघार घेत चुंगकिंग. तिथून १९३९ च्या सुरुवातीला येनान. मग आणखी उत्तरेला, थेट आघाडीच्या मुलखात. मधेच वडील गेल्याची बातमी आली, तरी कोटणीस परतले नाहीत. पथकातले बाकीचे एकेक करून मायदेशी आले. कोटणीस थांबले, चिनी भाषा शिकले, १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिथंच गेले. सोलापूरला त्यांच्या घराचं स्मारक झालेलं आहे. सहल म्हणून सोलापूरला नेणाऱ्या कॉलेजांनी पोरांना ते दाखवावं.

या पथकाचा बेत किती वेळा बदलला! पण जखमी कुठं आहेत, याच हिशोबानं बदलला. पंधरा दिवसांसाठी निघालेल्या पोरांनी कोटणीस व्हावं असं कुणी म्हणत नाही. तोच हिशोब मात्र त्यांच्या आयोजकालाही घालता येतो. नेपाळऐवजी श्रीलंका का? तिथल्या कुठल्या शाळेनं शिक्षक मागितले आहेत? किती दिवसांसाठी, कुठल्या विषयाला, कुठल्या भाषेत? आठ दिवसांत देश बदलतो आणि काम तेच राहतं, तर मुळात काम कुणी मागितलं होतं?

यात एक फार वाईट गोष्ट दडलेली आहे आणि ती स्पष्ट सांगायला हवी. शाळा ऐनवेळी मिळत नाही. तिचं वेळापत्रक असतं, परीक्षा असतात, मुख्याध्यापकाची परवानगी लागते. दवाखाना तर अनोळखी पोरांना आत घेतच नाही. घाईघाईत बदलून कुठली जागा मिळते? अनाथालय. तिथं कधीही, कुणीही, कितीही जण आलेले चालतात. नेपाळमध्ये २०१५ च्या भूकंपानंतर युनिसेफनं अशा सेवेविरुद्ध इशारा दिला होता. तिथल्या अनाथालयांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील जिवंत आहेत, ही गोष्ट पुन्हा पुन्हा पुढं आलेली आहे. पैसे मोजून येणारे पाहुणे वाढले की दाखवायला मुलं लागतात, आणि मग डोंगरातल्या गरीब घरांतून शिक्षणाच्या नावाखाली मुलं उचलून आणली जातात. ऑस्ट्रेलियानं २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा करताना या प्रकाराची गणना तिच्यातच केली. आपल्या पोरीला आयोजकानं सांगितलं की शाळेचं जमलं नाही, आता अनाथालयात मुलांशी खेळायचं आहे, तर बापानं तिथंच नाही म्हणावं. पैसे गेले तरी चालतील. ही एक जागा अशी आहे, जिथं पावणेचार क्विंटल सोयाबीन सोडून द्यावं.

तिकडच्या गावाचं काय होतं, हे आपल्याला दुसऱ्यानं सांगायला नको. आपण स्वतः तिकडचं गाव आहोत. मेळघाट आपल्याच जिल्ह्यात आहे. धारणी आणि चिखलदऱ्याच्या पाड्यांवर पुण्या-मुंबईच्या किती तुकड्या येतात, किती येणार म्हणून येत नाहीत, ते तिथल्या आशाताईंना विचारा. पुण्याची 'मैत्री' संस्था १९९७ पासून पावसाळ्यात तिथं धडक मोहीम चालवते. पावसाळ्याचे दिवस बाळांच्या जिवावरचे असतात. रस्ते तुटतात, उपासमार वाढते, न्यूमोनिया आणि हगवण घराघरांत शिरते. स्वयंसेवकांच्या तुकड्या एकामागून एक येतात, गावात राहतात, घरोघरी फिरून ताप, धाप, जुलाब पाहतात आणि गरज दिसली की बाळाला दवाखान्यापर्यंत पोहोचवतात. या कामाचा सगळा जोर सलग असण्यात आहे. आधीची तुकडी निघते तेव्हा पुढची पोहोचलेली असावी लागते. पुढच्या तुकडीतल्या चौघांनी निघायच्या आदल्या दिवशी 'घरचं काम निघालं' म्हणून कळवलं, तर एखाद्या पाड्यावर आठवडाभर कुणी जात नाही. त्या आठवड्यात ज्या बाळाला धाप लागली त्याच्या आईला या 'घरच्या कामा'चा काय हिशोब द्यायचा?

म्हणून मला आणखी एका गोष्टीचा राग आहे. परदेशचा बेत फसला की प्राध्यापक मोठ्या मनानं जाहीर करतात, 'हरकत नाही, आपण मेळघाटला जाऊ!' चांदूरहून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर, पासपोर्ट नको, व्हिसा नको, एक बस ठरवली की झालं. मेळघाट म्हणजे काय उरलेल्या दिवसांची सोय आहे? तिथल्या माणसांनाही वेळापत्रक असतं. कोरकू कुटुंबं दिवाळीनंतर कामाच्या शोधात बाहेर पडतात आणि होळीला परततात, कारण होळी हा त्यांचा सगळ्यांत मोठा सण. तुम्ही जानेवारीत पन्नास पोरांची बस घेऊन गेलात तर पाड्यावर म्हातारे, काही लेकरं आणि कुलूप लावलेली घरं भेटतील. मग पोरं मैदान झाडतात, फोटो काढतात आणि परततात. ज्या आश्रमशाळेनं त्या दिवशी पन्नास जणांचा स्वयंपाक केला, तिच्या मुलांचा अभ्यासाचा दिवस गेला तो वेगळाच. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांचे २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर असतं. हे तास नीट आखले तर मेळघाटात त्यातून खरंच काही उभं राहू शकतं. पण त्यासाठी आधी तिथं जाऊन विचारावं लागतं, चार कोरकू शब्द शिकावे लागतात आणि ठरलेल्या तारखेला पोहोचावं लागतं. नेपाळला जाताना जेवढी तयारी केली असती, तेवढीच इथंही करावी लागते.

कॉलेजांनी आता एवढं करावं. परदेशी शिबिराचं पत्रक फलकावर लावण्याआधी आयोजकाकडून लेखी घ्यावं, मराठीत घ्यावं आणि ते पत्रकाशेजारीच लावावं. जागा किंवा देश आयोजकानं बदलला तर सगळी रक्कम परत, आणि विद्यार्थ्यानं दिलेल्या नकाराला माघार म्हणायचं नाही. किमान किती नावं लागतात आणि तुकडी भरली की नाही हे कोणत्या तारखेला कळेल, ते आधीच सांगायचं, म्हणजे ज्याला पासपोर्ट काढायचा आहे त्याच्या हातात दोन महिने राहतील. यजमान गावाचं किंवा शाळेचं नाव, तिथल्या माणसाचा फोन नंबर आणि त्यांनी स्वतः लिहिलेलं मागणीपत्र जोडायचं. ज्या आयोजकाला हे जमत नाही, त्याचं पत्रक लावू नये. फलक कॉलेजचा आहे, आणि त्यावर काही लागलं की आमच्याकडचे बाप त्याला कॉलेजचा शब्द समजतात.

तो यजमानाचा फोन नंबर पोरीच्या हातातही असू द्या. तिचं जाणं रद्द झालं तर तिनं स्वतः तिकडच्या मास्तरांना फोन करावा. हिंदीत बोलता येतं, नेपाळात ती बहुतेकांना कळते. मी येऊ शकत नाही, माझे तास दुसऱ्या कुणाला तरी द्या, आणि तुम्ही मागितलेलं गणिताचं साहित्य मी पोस्टानं पाठवते, एवढं सांगायला पाच मिनिटं पुरतात. आयोजक म्हणतील की संपर्क आमच्यामार्फतच ठेवा. त्यांना विचारा, तुम्ही केला का फोन? कधी केला? पलीकडून कोण बोललं?